श्वान घुटमळले, पण का?

संपादक महोदय,


घरफोडीच्या बातमीचा शेवट आता वाचकांना तोंडपाठ झाला आहे. ‘श्वान पथकाला पाचारण करण्यात आले. मात्र श्वान मुख्य रस्त्यापर्यंत माग काढून तेथेच घुटमळले.’ पुढे चोरटे वाहनातून पसार झाले असावेत, असा अंदाज. चोरी टेंभुर्णीत होवो की माहोऱ्यात, मजकूर तोच. अंदाज बऱ्याचदा खराही असतो. पण मी उभी हयात पशुधन पर्यवेक्षक म्हणून काढली. हे वाक्य वाचले की मला चोर आठवत नाही, कुत्र्याचे पाय आठवतात.

नोकरीत असताना जिल्ह्याच्या ठिकाणच्या दवाखान्यात माझी काही वर्षे गेली. तिथे श्वान पथकाची कुत्री यायची. एकदा दिवाळीच्या आसपास एक लॅब्रेडॉर मादी आली. तिचे नाव सांगत नाही, सरकारी नोकर होती. पुढचा डावा पाय टेकवायला तयार नव्हती. तीन दिवस कुठल्याशा गोळ्या चालू होत्या. तिला हाताळणारा पोलीस, म्हणजे हस्तक, म्हणाला, ‘‘डॉक्टर, ही नाटकं तर करत नाही ना?’’ मी डॉक्टर नाही, हे गावोगाव सांगून थकलो होतो, म्हणून तेवढे सोडून दिले. पंजा हातात घेतला, बोटे फाकवली. दोन बोटांच्या बेचक्यात मोहरीएवढे छिद्र होते आणि भोवती ओलसर सूज. डॉक्टरसाहेबांना दाखवले, त्यांच्यासमोर चिमट्याने ओढले तर अख्खे कुसळ बाहेर आले. पावसाळा सरला की आपल्या माळावरचे कुसळी गवत वाळते आणि त्याचे कुसळ एकदा कातडीत शिरले की पुढेच सरकते, मागे फिरत नाही. गोळीने ते निघणार कसे? ती मादी मात्र त्याच पायाने तीन दिवस ड्युटी करत होती.

हस्तकाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. कुत्र्यावर त्याच्याइतकी माया कोणी करत नाही. आमच्या दवाखान्यात कुत्र्याचा वजनकाटा नव्हता, तेव्हा तोच कुत्र्याला कवेत घेऊन माणसांच्या काट्यावर उभा राहायचा आणि मग आधी स्वतःचे वजन सांगताना लाजायचा. पण माया म्हणजे तपासणी नव्हे. दुसऱ्या टोकाला पशुवैद्यक. त्यांच्या दारात वार अडकलेली म्हैस उभी असते, ती सोडून ते रोज कुत्र्याचे पंजे पाहायला जाऊ शकत नाहीत. या दोघांच्या मधली जागा रिकामी आहे. माझे म्हणणे एवढेच, की प्रत्येक जिल्ह्याच्या श्वान पथकाला एक प्रशिक्षित पशुधन पर्यवेक्षक हक्काचा मिळावा.

तो करील काय? मे महिन्याचेच घ्या. जालन्याहून जाफराबादपर्यंत जीपमध्ये तास-दीड तास तापून कुत्रे उतरते आणि लगेच कामाला लागते. त्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, बाकी उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढायची. आणि धापा टाकणारे कुत्रे नीट हुंगू शकत नाही. त्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. ते १०६ च्या पुढे गेले तर जिवावर बेतते. थर्मामीटर लावून ‘अर्धा तास सावलीत थांबा’ म्हणणारा कोणी तिथे असतो का? गोचिडांचेही तसेच. कुत्रे कितीही धुवा, गोचीड अंडी घालते खोलीच्या भिंतीच्या भेगांत. तिथे कुत्र्याआधी भिंत तपासावी लागते.

सर्वांत मोठी गोष्ट औषधांच्या नोंदीची. जुलाबावर सर्रास दिले जाणारे मेट्रोनिडाझोल स्फोटके हुंगणाऱ्या कुत्र्यांचे नाक मंद करू शकते. अमेरिकेत १८ कुत्र्यांवर चाचणी झाली आणि २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतल्या ९ कुत्र्यांची हुंगण्याची क्षमता या औषधाने घटली. गोचीडतापावर देतात त्या डॉक्सिसायक्लिनने तसे काही झाले नाही. म्हणजे पोट बिघडलेल्या कुत्र्याला योग्य औषध देऊनही दुसऱ्या दिवशी सभेच्या मंडपात तपासणीला नेणे चूक ठरू शकते. हे कोणी, कोणत्या वहीत लिहून ठेवायचे? १९९३ मध्ये मुंबईत ‘झंजीर’ या पोलिसी श्वानाने ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिले, हे आपण अभिमानाने सांगतो. तो सगळा भरवसा त्या एका नाकावर होता.

यावर जाफराबादचा शेतकरी काय म्हणेल ते मला ठाऊक आहे, कारण माझा भाऊच म्हणाला, ‘‘आमच्या बैलाला १९६२ नंबरवर फोन लावून दवाखान्याच्या गाडीची वाट बघावी लागते अन् तू कुत्र्याला माणूस मागतोस!’’ आक्षेप खोटा नाही. मी त्याला उडवूनही लावत नाही. पण बैलाच्या वाट्याचा माणूस काढून कुत्र्याला द्या, असे मी म्हणत नाही. जिल्ह्याला एक पद, तेही गृह खात्याच्या खर्चाने. शिवाय ज्याच्या घरी चोरी झाली तो शेतकरीच असतो आणि माग काढायला येते ते हेच कुत्रे.

कायद्याचीही अडचण नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ च्या कलम ३० नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आमच्यासारख्या पदविकाधारकांना किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देण्याची परवानगी राज्य सरकार देऊ शकते. अडचण शिक्षणाची आहे. आम्हाला कृत्रिम रेतन, खुरकुताची लस हे सगळे शिकवले, कुत्रा मात्र अभ्यासात पाहुण्यासारखा येऊन गेला. परभणीचे किंवा उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय यासाठी काही महिन्यांचा वर्ग सहज चालवू शकेल. लष्कराकडे जनावरांसाठी रिमाउंट व्हेटर्नरी कोअर आहे. अमेरिकी सैन्यात तर जनावरांच्या शुश्रूषेसाठी सैनिकांचे वेगळे पदच असते. आपल्या पोलिसांना तेवढा पसारा नको, एक माणूस आणि एक वही पुरे.

बीड पोलिसांच्या ‘रॉकी’ या श्वानाने तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात मदत केली होती. २०२० मध्ये त्याला मानवंदना देऊन अखेरचा निरोप दिला, तेव्हा पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. टीव्हीवर ते पाहून माझेही डोळे भरून आले. पण मानवंदना मेल्यावरची. थर्मामीटर जिवंतपणी लागतो.

आपल्या बातमीदारांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी ‘श्वान घुटमळले’ असे लिहिण्याआधी हस्तकाला एवढेच विचारावे, की याचे पाय शेवटचे कधी आणि कोणी तपासले होते. मिळेल ते उत्तर बातमीत छापावे.

आपला,
एक सेवानिवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
जाफराबाद (जि. जालना)