शरियत म्हणजे नेमकं काय?

भवानी पेठेतल्या मुस्लिम बायांसोबत काम करताना एक वाक्य मी सतत ऐकते. तलाक असो, खावटी असो, घरातला कर्ता पुरुष म्हणतो, "शरियतमध्ये असंच आहे." बाई गप्प होते. एवढं वजन असलेल्या या शब्दाचा अर्थ आपण समजून घ्यायला हवा.

अरबीत 'शरिया' म्हणजे पाणवठ्याकडे नेणारी वाट. त्यावरून ईश्वराने दाखवलेला जगण्याचा मार्ग, असा अर्थ रूढ झाला. कुराणात 45व्या सूऱ्याच्या 18व्या आयतीत हा शब्द 'मार्ग' याच अर्थाने येतो. या मार्गाचा अर्थ लावून विद्वानांनी जे नियम बसवले, त्यांना 'फिक्ह' म्हणतात. फिक्ह म्हणजे समज, माणसांची समज! म्हणूनच सुन्नींमध्ये हनफी, मालिकी, शाफई, हंबली अशा चार विचारधारा आहेत.

माणसांनी केलेले नियम माणसं बदलूही शकतात. नवरा बेपत्ता झाला तर हनफी मतानुसार बाई वर्षानुवर्षं अडकून पडायची. मालिकी मत चार वर्षांनी सुटकेची वाट देतं. तेच स्वीकारून 1939चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला.

आपल्याकडे कोर्टात चालते ती 'शरियत' 1937च्या कायद्याने लागू झाली. तो इंग्रजी अमदानीतल्या कायदेमंडळाने केला, आणि वारसाहक्कातून शेतजमीन वगळली! तेव्हा शरियत आड आली नाही.

1966 साली हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा काढला. 2002 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने सांगितलं, नवऱ्याने नुसतं 'तलाक दिला' म्हणून भागत नाही, तो सिद्ध करावा लागतो. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला.

मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा आणि बायकोला मेहर द्यायचं कुराणातच सांगितलं आहे. तलाक देताना आठवणारी शरियत तेव्हा कुठे जाते? निम्म्यावर आपलं समाधान नाही, समान हिस्सा हवाच; पण तो निम्माही किती जणींच्या पदरात पडतो?

म्हणून बायांनो, कुणी शरियतचं नाव घेतलं तर शांतपणे विचारा: हे कुराणात आहे, कुणा विद्वानाचं मत आहे, की सरकारी कायदा? असं विचारणं म्हणजे धर्म सोडणं नव्हे. पाणवठ्याची वाट सगळ्यांची असते, बायांचीही.