धूर की धुके?

श्रावणातील एका सकाळी माहूरला श्रीरेणुकामातेचे दर्शन घेऊन पायऱ्या उतरत होतो. समोरच्या डोंगरावर पांढुरके लोट दिसले. बरोबरचा महाविद्यालयीन भाचा म्हणाला, "मामा, तिकडे काहीतरी पेटलंय." थोड्या वेळाने ऊन आले आणि तो 'धूर' विरून गेला. ते धुके होते.

पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्रातील अनुमानाचे ठरलेले उदाहरण. परंतु ज्याला धूर म्हटले तो धूरच नसेल, तर अनुमान कोसळते, हेही त्याच शास्त्राने बजावले आहे. अशा फसव्या कारणाला हेत्वाभास म्हणतात. चार्वाकाला एकटे प्रत्यक्ष पुरते. नैयायिक प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानतात. भाट्ट मीमांसक व अद्वैती सहा. या संख्येवर शतकानुशतके वाद झाले. त्यांत उतरणाऱ्याला आधी प्रतिपक्षाचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, नीट मांडावा लागे.

यांपैकी शब्दप्रमाणाविषयी आपल्यातच मोठा गैरसमज आहे. जुने वचन म्हणजे प्रमाण, असे अनेकांना वाटते. न्यायसूत्रे मात्र आप्ताच्या उपदेशालाच शब्दप्रमाण म्हणतात. ज्याला विषयाचे साक्षात ज्ञान आहे आणि जे जाणले ते तसेच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायन तर हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लावतो!

माहूर हे श्रीदत्तात्रेयप्रभूंचे स्थान म्हणून महानुभावांनाही वंदनीय आहे. या पंथातील म्हाइंभटांनी तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी जमवल्या, त्या स्वामींना प्रत्यक्ष पाहिलेल्यांकडे जाऊन; नागदेवाचार्यांकडून त्या पारखूनही घेतल्या. तोच 'लीळाचरित्र' हा ग्रंथ. मूळ पोथी पुढे धामधुमीत हरवली. अनुयायांनी स्मरणातून ती पुन्हा सिद्ध केली, तेव्हा पाठ वेगवेगळे निघाले. हिराइसेचा पाठ आजही तिच्या नावानेच ओळखला जातो. सांगणारा कोण, हे पुसून टाकावे असे त्या श्रद्धाळू माणसांना वाटले नाही.

आणि आपण? 'आपल्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होते' असे संदेश रोज सकाळी मोबाईलवर येतात. ग्रंथाचे नाव नाही, श्लोकाचा क्रमांक नाही. पाठवणारे बहुधा आपलेच, हेतूही चांगला. पण असा एक संदेश खोटा ठरला की बौधायनाच्या शुल्बसूत्रातील अस्सल भूमितीकडेही लोक हसून पाहतात. ही हानी विरोधकांनी केलेली नाही.

परवा भाच्याने असाच एक संदेश पाठवला. मी एवढेच विचारले, "ग्रंथ कोणता?" दोन दिवसांनी उत्तर आले, "मामा, पुष्कळ शोधला, सापडत नाही. गटातल्या सगळ्यांना तसं कळवलंय."