विश्लेषण : दाताच्या डॉक्टरची भीती दुखणे कसे वाढवते?

रात्री दाढ ठणकते. लवंगेचे तेल लावून, गोळी घेऊन रात्र निघते. सकाळी ठणका थांबला की दवाखाना पुढच्या आठवड्यावर जातो. यामागे अनेकदा आळस नसतो, भीती असते.

ही भीती मोजता येते?
हो. नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये अमेरिकेत त्यासाठी प्रश्नावली तयार केली. तिच्या १९९५ च्या सुधारित आवृत्तीत पाच प्रसंग आहेत : उद्या दवाखान्यात जायचे आहे, बाहेर नंबरची वाट पाहणे, ड्रिल, दातांची सफाई आणि हिरडीतील इंजेक्शन. प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज १९ किंवा अधिक असल्यास भीती तीव्र मानली जाते.

भीती कशाची वाटते?
लहानपणचा वाईट अनुभव, सुई, ड्रिलचा आवाज, खर्च, ‘इतके दिवस काय करत होतात?’ अशी बोलणी. शिवाय खुर्चीत आडवे पडल्यावर काय चालले आहे ते दिसत नाही आणि तोंड उघडे असल्याने बोलताही येत नाही.

टाळल्याने काय होते?
कीड वरच्या थरांत असताना फिलिंगवर भागते. ती नसेपर्यंत पोहोचली की रूट कॅनाल करावे लागते किंवा दात काढावा लागतो. त्यात आणखी एक अडचण असते. सूज आणि संसर्ग असलेल्या भागात आम्लता वाढते. त्यामुळे भुलीचे औषध नसेत कमी प्रमाणात शिरते आणि भूल नीट चढत नाही. म्हणजे दुखेल म्हणून जो सर्वांत उशिरा जातो, त्यालाच दुखण्याची शक्यता जास्त. मग पुढची भेट आणखी लांबते.

उपाय काय?
वेळ घेतानाच ‘मला भीती वाटते’ असे सांगा. शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्या, म्हणजे दिवसभर धास्ती राहत नाही. पहिली भेट फक्त तपासणीपुरती ठेवा आणि खर्च आधी विचारा. ‘डावा हात वर केला की थांबायचे’ अशी खूण डॉक्टरांशी ठरवा. थांबवणे आपल्या हातात आहे हे कळले की भीती उतरते. तीव्र भीतीसाठी समुपदेशन आणि गुंगीचे औषध हेही पर्याय आहेत. मुलांना ‘डॉक्टर सुई टोचतील’ असा धाक घालू नका.

कधी थांबू नये?
चेहऱ्यावर सूज आणि ताप असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल तर थेट रुग्णालय गाठा.