नामवेध : शाल्मली

घोडबंदर मार्गावरील चेणे गावाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य लागून आहे. माघ-फाल्गुनात त्या अरण्यातील निष्पर्ण काटेसावर लाल फुलांनी बहरते. संस्कृतात तीच शाल्मली. २०१२ साली ‘इशकजादे’ चित्रपटातील गीताने गायिका शाल्मली खोलगडे प्रसिद्धीस आल्या आणि हे विरळ नाव अनेकांच्या कानी पडले.

नरकवर्णनातील काटेरी कूटशाल्मलीचे नाव कन्येस कसे द्यावे, असा संकोच वडीलधाऱ्यांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जैन भूगोलात देवकुरू या भोगभूमीतही शाल्मली वृक्ष आहे. उत्तराध्ययनसूत्र तर आत्म्यालाच कूटशाल्मली म्हणते आणि नंदनवनही. सावरीचे झाड वाढते, तसे खोडावरील काटे झिजत जातात. फुलांतील मधुरस मात्र दरवर्षी पाखरांसाठी खुला असतो.