पाहुणचार भरपूर, सालन एकच

डिसेंबर उजाडला की कराची आणि लाहोरच्या विमानतळांवर गर्दी वाढते. ब्रिटन, कॅनडा, अमेरिका, आखाती देश असे जगभर पांगलेले नातेवाईक सुट्टीसाठी आणि घरच्या लग्नांसाठी परततात. आल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खालाकडे किंवा मोठ्या चाचांकडे दावत ठरलेलीच असते. पंधरा-वीस माणसांची यादी होते आणि पाठोपाठ पदार्थांची: मटण कोरमा, चिकन बिर्याणी, निहारी, सीख कबाब, शामी कबाब, दहीभल्ले, रायता, कचूमर, खीर, गाजर हलवा. यादीतला एखादा पदार्थ गाळावा असे कोणी सुचवले, तर घरातल्या वडीलधाऱ्या बाई एकच वाक्य बोलतात, ‘इतक्या वर्षांनी आलीत मुलं, एवढंही नको का करायला?’

या प्रश्नापुढे कोणी बोलत नाही. पण आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर उत्तर स्पष्ट आहे. एवढे करू नये. एक सालन, एक भात, तंदूरचे नान आणि एक गोड पदार्थ एवढ्यावर दावत थांबवावी. यात कंजुषी नाही. जे पाहुणे इतक्या लांबून आले त्यांना जेवणानंतर आजारी न पाडता परत पाठवणे, हा पाहुणचाराचाच भाग आहे.

दहा पदार्थांचा पहिला प्रश्न वेळेचा असतो. घरच्या स्वयंपाकघरात चार शेगड्या असतात. पाकिस्तानातल्या शहरांत हिवाळ्यात नळाच्या गॅसचा दाब कमी होतो आणि अनेक भागांत तो ठरावीक तासच मिळतो. मग गॅस असेल तेव्हा जमेल तेवढे उरकायचे, अशीच पद्धत पडते. कोरमा दुपारी दोनला तयार होतो, बिर्याणी चारला दमावरून उतरते. पाहुण्यांना आठची वेळ दिलेली असते, ते नऊला येतात आणि दस्तरखान मांडला जातो साडेदहाला. म्हणजे कोरमा आठ तास झाकलेल्या पातेल्यात ओट्यावर बसलेला असतो. फ्रिजमध्ये जागा नसते, कारण तिथे खीर, दही आणि मसाला लावलेले कच्चे मांस आधीच भरलेले असते.

शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सियस या तापमानात असते तेव्हा त्यात जिवाणू वेगाने वाढतात. म्हणूनच शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ‘आधी एवढं उकळलंय, आता काय होणार?’ हा समज इथेच फसतो. काही जिवाणू स्वतःभोवती टणक कवच असलेले बीजाणू तयार करतात आणि हे बीजाणू उकळत्या तापमानातही तग धरतात. मोठ्या पातेल्यातला मांसाचा रस्सा हळूहळू कोमट होऊ लागला की ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स’ या जिवाणूच्या बीजाणूंना जाग येते. ४५ अंशांच्या आसपास त्याची संख्या दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. पातेले जितके मोठे तितके ते सावकाश निवते, म्हणून मोठ्या मेजवानीची देग या जिवाणूला घरच्या लहान भांड्यापेक्षा अधिक मानवते. दुसऱ्या दिवशी घरातल्या चार-पाच जणांना पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात. दोष मात्र ‘जास्त खाण्याला’ किंवा ‘हवाबदलाला’ दिला जातो.

भाताचा मामला याहून फसवा आहे. ‘बॅसिलस सिरियस’ हा जिवाणू तांदळाच्या दाण्यावर सहज सापडतो. शिजवलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला तर तो त्यात वाढतो आणि त्याचे काही प्रकार उलट्या घडवणारे विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. भात पुन्हा वाफाळेपर्यंत गरम केला तर जिवाणू मरतील, विष तसेच राहील. ‘बिर्याणी दुसऱ्या दिवशीच खरी लागते’ असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवले पाहिजे. शिळ्या बिर्याणीत गैर काही नाही, पण ती रात्रभर ओट्यावर नव्हे, फ्रिजमध्ये शिळी झालेली हवी.

आता पाहुण्यांकडे पाहू. परदेशातून आलेल्यांना आपण ‘घरी’ आलो आहोत असे वाटत असते. पर्यटक म्हणून येणारा माणूस निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारतो, लस घेतो, बाटलीबंद पाणी पितो. माहेरी येणारी मुलगी यातले काही करत नाही. तिची मुले तर लंडन किंवा टोरोंटोत जन्मलेली, इथल्या जंतूंशी त्यांची गाठच पडलेली नसते. २०१६च्या अखेरीस सिंधमधल्या हैदराबादेत टायफॉइडची एक साथ सुरू झाली. तिचा जिवाणू नेहमीच्या बहुतेक प्रतिजैविकांना जुमानत नव्हता. तोंडाने घेण्याच्या औषधांपैकी ॲझिथ्रोमायसिनचा भरवसा तेवढा उरला. पुढे ब्रिटन आणि अमेरिकेतही या प्रकारच्या टायफॉइडचे रुग्ण सापडले. त्यांतले बरेच जण पाकिस्तानात नातेवाइकांना भेटून परतलेले होते. २०१९ मध्ये पाकिस्तानने टायफॉइडची नवी संयुग्म लस बालकांच्या नियमित लसीकरणात आणली. असे करणारा तो जगातला पहिला देश ठरला. देशातल्या मुलांना हे संरक्षण मिळू लागले, पण सुट्टीपुरती आलेली नातवंडे त्या यादीत नसतात.

टायफॉइड हा दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरणारा आजार. दावतीच्या यादीत त्याला वाट देणारे पदार्थ कोरमा-निहारी नव्हेत. ते आहेत कचूमर, हिरवी चटणी, दहीभल्ल्यांवर ओतलेले पातळ दही आणि सरबतातला बर्फ. यांना विस्तवाचा स्पर्श होत नाही. नळाचे किंवा टँकरचे पाणी न उकळता वापरले की ते थेट ताटात येते. बर्फ झाल्याने पाणी शुद्ध होत नाही, थंडीत हा जिवाणू टिकून राहतो. उपाय सोपा आहे. आदल्या रात्री पाणी खळखळून उकळून ठेवावे. चटणी, दही आणि बर्फ त्याच पाण्याचे करावेत. भाज्या त्याच पाण्याने नीट धुऊन, सोलता येतील त्या सोलून, हात साबणाने धुतलेल्या माणसाने अगदी शेवटी चिराव्यात. हे काम दहा पदार्थांच्या धबडग्यात होत नाही. चार पदार्थ असतील तर होते.

यजमानांच्या नजरेतून सुटणारा आणखी एक पाहुणा असतो. इंटरनॅशनल डायबिटीस फेडरेशनच्या २०२१च्या अंदाजानुसार पाकिस्तानात ३ कोटी ३० लाख प्रौढांना मधुमेह होता. चीन आणि भारतानंतर हा आकडा तेव्हा जगात तिसरा होता. म्हणजे वीस जणांच्या दावतीत मधुमेह असलेली चार-पाच माणसे असणे सहज शक्य आहे. त्यांना काय वाढले यावर थोडीफार चर्चा होते, केव्हा वाढले यावर होत नाही. आठचे जेवण धरून कोणी इन्सुलिन टोचून आला किंवा साखर उतरवणारी काही विशिष्ट गोळी घेऊन आला आणि जेवण साडेदहाला आले, तर मधल्या वेळात त्याची साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे अडखळते. भरल्या घरात, गप्पांच्या नादात ते कोणाच्या लक्षातही येत नाही. नंतर उशिरा, भुकेपोटी, आग्रहाखातर नान, बिर्याणी, खीर असे सगळे एकदम पोटात जाते आणि साखर उलट टोकाला पोहोचते. जेवणाची दिलेली वेळ पाळणे हा इथे शिष्टाचाराचा भाग राहत नाही, तो उपचाराचा भाग होतो. पदार्थ जितके जास्त तितका उशीर जास्त, हे कोणत्याही घरात पडताळून पाहता येईल.

यावर आक्षेप असा घेतला जातो की दस्तरखान भरलेला असणे ही केवळ हौस नाही. वर्षानुवर्षांच्या दुराव्याची भरपाई तिथे होते. आईला लेकाला मिठी मारून जे सांगता येत नाही ते ती निहारीतून सांगते. हा आक्षेप खरा आहे आणि त्याची टिंगल करण्यात अर्थ नाही. पण लेकाला आठवण असते ती एकाच पदार्थाची, आईच्या हातच्या त्या निहारीची. बाकीचे नऊ पदार्थ असतात ते शेजारच्या दावतीशी बरोबरी करायला. दुसरे असे की या दहा पदार्थांची किंमत बहुतेक घरांत बाईच मोजते. दोन दिवस उभे राहून, अर्धवट झोपेत ती राबते. दमलेल्या माणसाकडूनच कच्चे मांस चिरलेल्या सुरीने काकडी चिरली जाते.

दुसरा आक्षेप जास्त नेमका आहे. एकच सालन केले आणि तेही आठ तास ओट्यावर राहिले तर फायदा काय? काहीच नाही. पदार्थ कमी केल्याने जंतू मरत नाहीत. पदार्थ कमी केल्याने वेळ हातात येतो, शेगडी मोकळी राहते, फ्रिजमध्ये जागा उरते, आणि मग जे करायला हवे ते करता येते.

ते असे. शामी कबाब करायचेच असतील तर आठवडाभर आधी वळून फ्रीझरमध्ये ठेवता येतात. खीर आदल्या दिवशी करून पसरट भांड्यांत लवकर निववावी आणि फ्रिजमध्ये ठेवावी. निहारी रात्रभर मंद आचेवर शिजत असेल तर ती सतत वाफाळती राहिली पाहिजे. मध्येच गॅस गेला आणि ती कोमट पडू लागली तर लहान, उथळ भांड्यांत काढून थंड करावी आणि वाढण्यापूर्वी पुन्हा उकळी येईपर्यंत तापवावी. खिम्याचे कबाब आतपर्यंत शिजलेले हवेत, कारण मांसाच्या पृष्ठभागावरचे जंतू खिमा करताना आतवर पोहोचतात. भात पाहुणे आल्यावरच दमावर ठेवावा. दम लागेपर्यंत गप्पा होतात, आणि झाकण उघडतानाचा वास सगळ्यांना मिळतो. जेवण संपल्यावर उरलेले अन्न चहाच्या आधी आवरावे, चहानंतर नाही.

‘वन डिश’ हा शब्द पाकिस्तानी वाचकाला नवा नाही. १९९७ मध्ये लग्नसमारंभांतल्या जेवणावळींवर तिथे कायद्याने बंदी आली होती. पुढे पंजाब प्रांताने एका सालनाला मुभा दिली आणि २०१६च्या कायद्यात एक सालन, भात, नान-रोटी, सॅलड आणि एक गोड पदार्थ अशी मर्यादा घातली. उद्देश उधळपट्टी रोखण्याचा होता. कायदा लग्नाच्या हॉलपर्यंत पोहोचला, घराच्या उंबऱ्याच्या आत तो जाऊ शकत नाही आणि जाऊही नये. तिथे समजुतीनेच काम व्हायला हवे.

सीमेच्या अलीकडेही यापेक्षा वेगळे चित्र नाही. अमेरिकेहून आलेल्या लेकीसाठी पुण्यात किंवा नागपुरात जो बेत होतो, त्यातही भात सकाळीच शिजलेला असतो, ताटावर आडवा हात धरणाऱ्या मधुमेही काकांना ‘एकच जिलेबी’ असते, आणि आग्रहाला आपल्याकडे तर संस्कृतीचा मान आहे. जिवाणूंना पासपोर्ट लागत नाही. पाहुण्याला काय वाढायचे हे ज्याने त्याने ठरवावे, पण जे वाढायचे ते वेळेवर, वाफाळते आणि स्वच्छ असावे. एवढे सांभाळायचे तर यादी छोटीच करावी लागते.