पाटीवर नाव कुणाचं?

भूम, वाशी, कळंबकडं गेलं की खव्याच्या भट्ट्या दिसतात. चार-पाच लिटर म्हशीचं दूध आचेवर सारखं हलवत आटवावं, तेव्हा कुठं किलोभर खवा हाती लागतो. मग तो डब्यांत भरायचा, गाडीनं शहरात पाठवायचा, दुकानदारांकडून पैसे वसूल करायचे. यातले कितीतरी धंदे पिढीजात, घरचे. “आजोबांनी सुरू केला, वडिलांनी वाढवला, आता आम्ही बघतो,” एवढ्यात त्यांचा इतिहास संपतो. आजीनं, आईनं, सुनेनं काय केलं, ते कुणी सांगत नाही.

पुण्याच्या ‘प्रवीण मसालेवाले’ची गोष्ट म्हणूनच मला मोलाची वाटते. १९६२ मध्ये हुकमीचंद चोरडिया यांनी हा व्यवसाय सुरू केला. कांदा-लसूण मसाला पत्नी कमलबाईंच्या हातचा. ‘अंबारी’ या नावानं तो विकला जाऊ लागला. हुकमीचंदजी सायकलवरून माल विकत फिरत. पुढं मुलांनी व्यवसाय वाढवला, ‘सुहाना’ हे नाव घरोघरी पोचलं. या घराण्याचा इतिहास सांगताना कमलबाईंचं नाव सुरुवातीलाच येतं.

आपल्याकडं काय होतं? बैठकीत बायकांना विचारलं, “तुम्ही काय करता?” की उत्तर येतं, “काही नाही, घरीच असते.” आणि ही ‘घरीच असणारी’ पहाटे दूध मापून घेते, भट्टीवरच्या माणसांची चहा-भाकरी करते, कुणाकडं किती उधारी आहे ते तोंडपाठ सांगते!

हा नुसता कौतुकाचा प्रश्न नाही. भावाभावांत वाटणी झाली किंवा घरधनी अचानक गेला, की कागद बोलू लागतात. बायको जन्मभर राबली म्हणून ती भागीदार होत नाही. त्यासाठी भागीदारीच्या करारात तिचं नाव लागतं. पतीनं मृत्युपत्र केलेलं नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला त्याच्या मिळकतीत मुलांच्या बरोबरीनं वाटा मिळतो. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीलाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मतः हक्क दिला. पण परवाना, बँकेचं खातं, गाडी, उधारीची वही हे सगळं दिराच्या नाहीतर पुतण्याच्या ताब्यात असेल, तर आपला वाटा किती हे सिद्ध करता करता बाईचा जीव मेटाकुटीला येतो.

म्हणून धंदा बरा चाललाय, घरात गोडी आहे, तेव्हाच हे बोलून घ्यावं. भागीदारीत किंवा परवान्यावर आपलं नाव घालून घ्यावं. बँकेच्या खात्याला आपलीही सही असावी. उधारीची वही आठवड्यातून एकदा तरी स्वतः वाचावी, आणि कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो समजून घ्यावा. “आमच्यावर विश्वास नाही का?” असं कुणी विचारेल. त्याला शांतपणे सांगावं, विश्वास आहे म्हणूनच आज मागतेय. भांडण झाल्यावर मागितलं असतं तर गोष्ट वेगळी.

आणखी एक करा. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून घ्या. पहिलं भांडवल कुठून आलं? कुणाचे दागिने मोडले? पहिली कढई कुणी हलवली? हे सगळं एका वहीत लिहून ठेवा. उद्या नातवंडं दुकानाचा इतिहास सांगतील, तेव्हा आजोबांच्या शेजारी आजीचंही नाव येऊ द्या.