मनाच्या उपचारासाठी घरातला एक कोपरा

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की मशिदीच्या एका कोपऱ्यात पडदा लागतो. मोहल्ल्यातले कुणीतरी एतेकाफला बसते. ईदचा चंद्र दिसेपर्यंत त्या माणसाचा मुक्काम मशिदीतच असतो. घरून डबा जातो, दुकान भाऊ सांभाळतो. महिलाही घरातला एखादा कोपरा निवडून एतेकाफ करतात आणि तेवढे दिवस घरचे त्यांना कामाला हाक मारत नाहीत. पडद्याआड तो माणूस काय मागतो, कशासाठी रडतो, हे कुणी विचारत नाही. ते त्याचे आणि अल्लाहचे.

आता दुसरे चित्र. समजा, इंदापुरातल्या एखाद्या सुनेला बाळंतपणानंतर कित्येक महिने धड झोप नाही. कशात मन लागत नाही, उगाच रडू येते. पुण्याच्या मानसोपचारतज्ज्ञ तिला दर आठवड्याला पाऊण तास व्हिडिओ कॉलवर भेटायला तयार आहेत. मोबाईल आहे, नेटही आहे. पण दोन खोल्यांच्या घरात ती बोलणार कुठे? सासूबाई समोर भाजी निवडत बसलेल्या, मुले मोबाईल मागतात, दार लोटले तर ‘दार का लावलं?’ अशी हाक येते. कानात हेडफोन घातला तरी डॉक्टरांचा आवाज लपतो, तिचा नाही. शेवटी ती ‘आता बरं वाटतंय’ असे सांगून कॉल संपवते.

व्हिडिओ कॉलने या भागाची मोठी अडचण दूर केली, यात शंका नाही. बारामतीहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर, इंदापूरहून आणखी लांब. मनाचा उपचार एका भेटीत संपत नाही. दर आठवड्याला एसटीने जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, सोबतीला माणूस लागते आणि ‘कुठे निघालात?’ या प्रश्नाला प्रत्येक वेळी उत्तर शोधावे लागते. बारामतीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण ओळखीच्या गावात मनाच्या डॉक्टरांच्या दारात उभे राहायला अनेकांचे पाऊल उचलत नाही. ‘वेड्यांचा डॉक्टर’ हा शब्द अजून गेलेला नाही.

किती जण असे मागे राहतात? बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचे त्यात आढळले. त्यांतील बहुतेकांना उपचार मिळतच नव्हते. निरनिराळ्या आजारांत हे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. पुढे मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने दूरस्थ वैद्यकीय सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि व्हिडिओवरून तपासण्याला नियमांची चौकट मिळाली. त्या वर्षीचा रमजान टाळेबंदीत गेला. तरावीह घरात झाली, ईदच्या शुभेच्छा मोबाईलच्या पडद्यावर दिल्या गेल्या. पडद्यावरूनही माणूस माणसाला धीर देऊ शकतो, हे तेव्हा घराघराने अनुभवले.

तरीही काही घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘नमाज पढ, कुरआन वाच, सगळं ठीक होईल.’ नमाजने मनाला आधार मिळतो, हे खरेच आहे. पण त्या आधाराचा उपचाराशी झगडा नाही. अल्लाहने आजार दिला तसा त्याचा इलाजही दिला, ही पैगंबरांची शिकवण आहे. आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हीसुद्धा त्यांचीच. हजरत याकूब मुलाच्या विरहात रडून रडून दृष्टी गमावतात, तेव्हा कुरआन त्यांना कमकुवत ईमानाचे ठरवत नाही. पत्नी हजरत खदीजा आणि काका अबू तालिब ज्या वर्षी गेले, ते वर्ष इस्लामच्या इतिहासात ‘दुःखाचे वर्ष’ म्हणूनच ओळखले जाते. अबू झैद अल-बल्खी या विद्वानाने तर हजारहून अधिक वर्षांपूर्वी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला. भीती, उदासी आणि पुन्हा पुन्हा छळणारे विचार यांची त्यात चर्चा आहे. ज्याच्या परंपरेत हे सगळे आहे, त्याने मनाच्या डॉक्टरांकडे जायला लाजावे कशाला?

रमजानमध्ये आणखी एक काळजी घ्यायला हवी. रोजा आहे म्हणून मनाच्या आजाराच्या गोळ्या परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. काही गोळ्यांची वेळ डॉक्टर सहरी-इफ्तारला बसवून देतात. लिथियमसारख्या औषधात मात्र शरीरातले पाणी कमी झाले तर त्याचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. त्यामुळे रोजे सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. कुरआनने आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत दिली आहे. तिथे शरीराचा आजार आणि मनाचा आजार असा भेद नाही.

व्हिडिओला मर्यादा आहेत, हेही सांगायला हवे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, माणूस भ्रमात असेल, तर मोबाईलची वाट न पाहता त्याला थेट रुग्णालयात न्यावे. रील्सवर सल्ले देणारा प्रत्येक जण तज्ज्ञ नसतो. मानसोपचारतज्ज्ञ असतील तर वैद्यकीय परिषदेचा आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. त्यात संकोच नको. ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतूनही बोलता येते.

क्रमांक मिळाला, डॉक्टर मिळाले, तरी बोलायला जागा लागतेच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. डॉक्टरांनी काय गुप्त ठेवायचे ते कायदा सांगतो. पण घरातल्या माणसाने भिंतीला कान लावू नये, हे कोणता कायदा सांगणार? ते घरानेच ठरवायचे आहे. जोहरची नमाज झाली की इफ्तारच्या तयारीची गडबड सुरू होईपर्यंत घर थोडे निवांत असते. तेवढा पाऊण तास एक खोली त्या माणसाला द्यावी, मुलांना बाहेर न्यावे, टीव्हीचा आवाज थोडा मोठा ठेवावा आणि नंतर ‘काय बोललीस?’ असे विचारू नये. ज्या घरात एकच खोली आहे, तिथे गावाने पुढे यावे. मदरशाची दुपारी रिकामी असणारी खोली, वाचनालयाची अभ्यासिका, आरोग्य केंद्रातला एखादा कक्ष ठरलेल्या वेळी अशा कॉलसाठी देता येईल. त्याला मोठा निधी लागत नाही. दाराला आतून कडी आणि बाहेर विश्वासाचे माणूस एवढे पुरे.

बारामती-इंदापूरला हे जड नाही. दर आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी या दोन्ही गावांत मुक्कामाला येते, तेव्हा इथली घरे अनोळखी वारकऱ्यांसाठी ओसरी मोकळी करतात. कुणी कुणाला जात, धर्म किंवा दुःख विचारत नाही. एतेकाफच्या पडद्याचाही मान हे गाव राखते. तोच मान मोबाईलसमोर बसून आपले दुःख सांगणाऱ्या सुनेला, मुलाला किंवा म्हाताऱ्या अब्बांना मिळाला पाहिजे. या रमजानमध्ये ज्याच्या घरी कुणी असे गप्प गप्प झाले असेल, त्याने त्याला एवढेच सांगावे : ‘तू बोल, मी दार लावून घेतो.’